गाळपेरीचं कडवळ

मी तोंडाची फटकळ. गावात कुणालाबी इचारा. माझा मालक लिंबाजी मनायचा, "नागे, तुझ्या जिभेला हाड न्हाई ते न्हाईच, वर लगाम बी न्हाई." पण त्या सालात ह्याच तोंडानं मला तलावातली एक एकर मिळवून दिली, अन् ह्याच तोंडानं माझ्या लेकीची नांदेडची जागा घालवली. दोन्ही सांगते. नुसतं पहिलं सांगितलं तर ती बढाई व्हईल.

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या पार टोकाला. ओढा वलांडला की नांदेड जिल्हा. लातूर तवा नवा जिल्हा व्हता, तीन-साडेतीन वर्साचा. एक पावसाळा अर्धामुर्धा, दुसरा पार कोरडा गेलता. वरचं शिवार तडकून पडलं, विहिरीत दगड दिसायले, अन् गावाखालचा तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला. पाणी हटलं की खालची गाळाची जमीन उघडी पडती, तिला आमी गाळपेर मनतो. हातभर उकरलं की वल. दुष्काळ सगळ्यांचं घेतो, पण ज्याला बोटभर रान न्हाई त्याला तेवढ्यापुरती जमीन दाखवतो.

दाखवतो फक्त. कारण दरसाली पंचायत त्या जमिनीची हर्रास करायची. चावडीपुढं बोली लागायची, चढंल त्याची जमीन. चढायचे ते शेषेराव पाटीलच.

त्या हिवाळ्यात हर्राशीला लातूरहून नवा नायब तहसीलदार आला. चष्मा लावलेला, फाइल मांडीवर. शेजारच्या खुर्चीत पाटील. नरसिंग कोतवाल बोली पुकारायला उभा राहिला, अन् मी बाया-माणसांतून उठले.

"सायेब, थांबा. ही हर्रास कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," पाटील मनले. "खुली हाय. तुला कुणी अडवलं, नागे? लाव बोली."

"बोलीला तोंड लागत असतं तर अख्खा तलाव माझा झाला असता. बोलीला गाठीला पैसा लागतोय. चाळीस एकरवाल्यानं तलावबी घ्यायचा, अन् आमी त्याच्याच गाळात रोजानं जायचं, हा कुठला इन्साफ?"

मागं कुणीतरी हसलं. पाटील चिडले न्हाईत. चिडत न्हाईत, हीच त्यांची खुबी. "बोली चढली की पैसा पंचायतीला येतो. त्या पैशानं टँकर येतो, तो तुमच्या वस्तीतबी येतो. फुकट वाटली तर टँकर तू आणतीस का?"

खरं सांगते, टँकर मी कुठनं आणणार. पण गप बसंल ती नागुबाई कसली. मी मनलं, "उपाशी माणसापुढं ताट ठेवून त्याची बोली लावू नये, पाटील. ज्याला गरज त्याला आधी. उरलं तर लावा की हर्रास."

सायबानं फाइल उलटीपालटी केली, एक कागद काढला अन् वाचला. भूमिहीनाला आधी, नाममात्र खंडानं, असं त्यात व्हतं. आजवर कुणी इचारलंच नव्हतं, मनून कुणी वाचलंच नव्हतं. चिठ्ठ्या पडल्या. पाच घरांना एकेक एकर लागली, त्यात माझी एक. आमच्या वस्तीतल्या सरजाबाईनं तर मला मिठीच मारली.

उठताना पाटील माझ्याजवळून गेले अन् हळूच मनले, "आज तुझ्याकडं काही न्हाई मनून तुला हर्रास नको. उद्या तुझ्याकडं आलं की बघू."

बाकीच्या चौघांनी टरबूज लावलं, हरभरा टाकला. मी जनावराचं कडवळ पेरलं. गाव हसलं. घरात शेळी न्हाई, अन् चारा पेरायली मने. हसू दे. मी बहात्तरचा दुष्काळ बघितला व्हता. माणूस कोंडा खाऊन दिवस काढतो, पण बैल काय खाईल? वैशाखाच्या तोंडाला ह्या गावात हिरवी काडी हुडकून सापडणार न्हाई, तवा माझ्या बांधावर कोण कोण येतंय ते बघते, असं मी मनात धरलं व्हतं. पाण्यासाठी गाळात झिरा उकरला. मी अन् माझी लेक पंचशीला, दोघींनी घागरी डोक्यावर वाहून रान भिजवलं. लिंबाजी पुण्याकडं बांधकामावर गेला व्हता.

पंचशीला दहावी झालेली. नांदेडला नर्सच्या शाळेत तिचा नंबर लागला व्हता. स्कॉलरशिप मिळणार व्हती, पण ती मागून. आधी वसतिगृहाचे पैसे भरायचे, अन् ते पंधरा एप्रिलच्या आत. पत्र तिनं चारदा वाचून दाखवलं. मी मनलं, "फिकीर करू नको, बाई. ते उभं हाय की रानात." पोरगी रोज सकाळी कडवळ बघून यायची अन् कितपत वाढलं ते मला येऊन सांगायची.

एप्रिल लागला. कडवळ फुलोऱ्यात आलं, डोक्याच्या वर गेलं. तीन कोसांत तेवढंच हिरवं. गावातली जनावरं दावणीला उभ्या उभ्या वाळायली. हाडं मोजून घ्यावीत अशी. गुरुवारच्या बाजारात बैलजोडी शेळीच्या भावात जायली.

तवा उदगीरचा महादेवप्पा ट्रक घेऊन आला. चाऱ्याचा व्यापारी, नांदेडच्या गवळ्यांना माल पुरवायचा. बांधावर उभा राहून त्यानं एक धाट मोडलं, चावून बघितलं अन् भाव सांगितला. मला वाटलं मी चुकून जास्त ऐकलं. पंचशीलानं पदर वढला माझा. वसतिगृह निघत व्हतं, वर तिची पेटी, दोन साड्या अन् घरावरचे चार पत्रे.

"उद्या सकाळी येतो," महादेवप्पा मनला. "कापून ठेवा. बेग, बेग." बेग मंजे त्याच्या कानडीत लवकर.

आमच्या वस्तीतल्या सहा बाया रातच्याला लावल्या अन् उजाडायच्या आत निम्मं रान कापलं. पेंढ्या मी बांधत व्हते. पेंढीला बांधायला धाटाचाच आळा करतात, पीळ देऊन. सगळं जग उजवा पीळ देतंय. माझा डावा. बहात्तरात खडी फोडताना उजवा अंगठा ठेचला, तो पुन्हा वळलाच न्हाई. माझी पेंढी हजारात वळखू येती.

दिवस वर आला. ट्रक तलावाच्या भिंतीवरून खाली उतरायला लागला अन् मधीच थांबला. वाटेवर जनावरं बसली व्हती. बसवली व्हती मना, न्हाईतर बसली व्हती मना, त्यांना उठायची ताकदच नव्हती. पाटलाची बारा, अन् आणखी कुणाकुणाची. त्यांच्या मागं निम्मा गाव. महादेवप्पानं हॉर्न दाबून धरला. एकबी जनावर हललं न्हाई. 

मी खुरपं हातात घेऊन वर गेले. "कुणी बसवली ही? उठवा मनते."

शेषेराव पुढं आले. "नागुबाई," ते मनले. जन्मात पहिल्यांदा मला बाई लावलं. "चारा गावाबाहेर जाऊ नको देऊ. मागच्या सालच्या भावानं आमी घेतो."

"मागच्या सालचा पाऊस आणा, मग मागच्या सालचा भाव देते. पाटील, तुमची तूर लातूरच्या आडतीत जाती तवा तुमी कुणाला मागच्या सालचा भाव लावला? तवा गाव कुठं असतंय?"

"तूर मी माझ्या रानात पिकवली. अन् तू?" त्यांनी तलावाकडं हात केला. "तुला जमीन हर्राशीनं मिळाली का? गरज बघून मिळाली. सगळ्या गावाचा तलाव हाय हा. तूच मनली व्हतीस चावडीवर, उपाशी माणसापुढं ताट ठेवून बोली लावू नये. मग आता ही मुकी जनावरं काय जेवून बसलीत?"

सगळे माझ्याकडं बघून राहिले. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. अन् खोटं नव्हतं हो ते. पुढं बसलेल्या बैलाच्या डोळ्यांतून पाणी गळत व्हतं, त्याच्यावर माशा. तो अण्णारावाचा बैल. अण्णाराव तीन एकराचा कोरडवाहू माणूस. त्याची बायको सिंधु माझ्यासंगं रोजगार हमीवर खडी फोडायची. आमी दोघी एकाच चिंधीच्या सावलीत भाकर खायचो. सिंधु गर्दीत मागं उभी व्हती, पदर तोंडाला लावून. पाटलानं तिच्याकडं बोट केलं, "ह्या सिंधुचे बैल मेले तर मिरगात ती कशानं पेरंल? तिच्यासाठी तरी."

सिंधु काही बोलली न्हाई. तवा मला त्याचं काही वाटलं न्हाई. 

महादेवप्पा खाली उतरला. "बाई, ऊन वर आलं. देणार का न्हाई, एक सांगा. भाव आणखी चढवतो."

भाव चढवतो मनला तो. त्याच्या तोंडात मला हर्रास ऐकू आली. पाटलानं हिवाळ्यात सांगून ठेवलेलं खरं व्हायलं, समद्या गावापुढं. व्हय, ते मला सोसलं न्हाई. पंचशीला बांधावर पेंढ्यांपाशी उभी व्हती. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"जा, महादेवप्पा," मी मनलं. "मी हर्रास करत न्हाई. गावातच वाटते. जनावरामागं एक वाटणी, मागच्या सालच्या भावानं. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई."

लोक 'वा' मनले. म्हातारे मान हलवायले. ट्रक उलटा वळला. मला काय चढलं व्हतं सांगू, गावानं मला चावडीच्या पायरीवर चढवून बसवलं असं वाटलं. नरसिंगनं जनावरं मोजली, तितक्या वाटण्या पडल्या. पाटलाच्या बारा, अण्णारावाच्या दोन, कुणाची एक. दिवस मावळेपर्यंत रान मोकळं झालं.

पंचशीला रिकाम्या रानात उभी राहून मनली, "माय, आपल्याकडं जनावर न्हाई. मग आपल्या वाटणीला काय आलं?"

"आपल्याला कशाला पाहिजे चारा? खायचाय का?"

"चारा न्हाई मनत मी."

"मग गप बस. माणसानं दिल्या शब्दाला जागावं."

ती गप बसली. लेक माझी, पण तोंड तिनं बापाचं घेतलंय. मिळालेल्या पैशात वसतिगृह निघालं न्हाई. मी सरजाबाईकडं गेले, दोन-चार ठिकाणी हात पसरला. दुष्काळात कुणाकडं काय असतंय. पंधरा तारीख आली अन् गेली. सोळाला पंचशीलानं पत्र घडी करून पेटीत तळाशी घातलं, अन् सतराला माझ्या शेजारी खडी फोडायला येऊन बसली. पहिल्याच दिवशी तिचं बोट चेचलं. मी माझ्या पदराची चिंधी फाडून बांधली. तिच्या तोंडाकडं बघवंना.

त्याच सांजंला कामावरून येताना फाट्यावर महादेवप्पाचा ट्रक उभा दिसला. भरलेला. सहज नजर गेली अन् माझे पाय जागीच थांबले. मागच्या फळीला पेंढ्या लागल्या व्हत्या, अन् आळ्याला डावा पीळ.

"ही कुठनं आणली, महादेवप्पा?"

"गावातनंच, बाई. अण्णारावच्या मालकिणीनं दिली."

"काय भावानं?"

"तुमाला देत व्हतो त्याच." तो हसला. त्यात कुचकेपणा नव्हता. "तुमी एकदम दिली असती तर मला असं फाट्या-फाट्यावर वेचत बसावं लागलं नसतं."

मी तशीच फिरले. पंचशीला मागनं हाका मारून राहिली, माय, थांब, माय. मी थांबते व्हय? माझ्या लेकीच्या तोंडातला घास काढून मी हिच्या बैलाला घातला, अन् ही बया तो इकून मोकळी. एवढी गरीब गाय दिसणारी बाई. सगळा रस्ता मी तिला शिव्या घालत गेले.

अण्णारावाच्या वसरीत सिंधु भाकरी थापत व्हती. तिची सासू केवळाबाई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवत व्हती, घाई-घाईनं, कुणी ताट वढून नेईल अशी. अंगणात दोन बैल. दावणीत काडी न्हाई.

"सिंधु," मी मनलं, "कडवळ कुठाय?"

तिनं भाकर उलटली. "इकलं."

"इकलं? मी ते तुझ्या बैलाला दिलं व्हतं. तुझे बैल मरतील मनून मी माझ्या पोरीची शाळा बुडवली, अन् तू त्याच ट्रकात, त्याच भावानं? लाज कशी वाटली न्हाई तुला?"

अण्णाराव बाजेवरनं उठून बाहेर निघून गेला. सिंधुनं हात पुसले. मी तिला कधी आवाज चढवताना बघितलं न्हाई, अन् त्या दिवशीबी तिनं चढवला न्हाई. त्याचंच मला भ्या वाटलं.

"नागुबाई, दहा दिवसाच्या चाऱ्यानं बैल अकरा दिवस जगला असता. बाराव्या दिवशी काय? मिरग दीड महिना लांब. तुझे पैसे उसने काढून दिले व्हते, ते फेडून त्याच चाऱ्याच्या पैशात महिनाभराची ज्वारी आली. आत्याबाई तीन दिवस पाण्यावर व्हत्या. बैल मी येत्या बाजारात इकते. जातील त्या भावात. मला कळतंय माझं घर कसं जगतंय ते."

"पण मी बैलासाठी दिलं व्हतं."

"तुला गाळपेर दिली तवा सायबानं इचारलं का, हरभरा पेरतीस का कडवळ? जमीन दिली ती तुझ्या पोटासाठी मनून दिली. तू त्यातनं लेकीची शाळा करणार व्हतीस. ती चोरी व्हती का?" ती थांबली. "अन् बहात्तर इसरलीस का? मी नवी नवरी व्हते, पण ध्यानात हाय. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली व्हती. तू निम्मी मिलो मांगवाडीच्या कोंबडीवाल्याला इकलीस अन् मीठ-मिरची आणलीस. त्या दूरदेशच्या माणसानं ईऊन तुला लाज इचारली का? त्यानं दिली, तुला लागंल तशी तू वापरलीस."

मी उभी व्हते ती उंबऱ्यावर टेकले. केवळाबाई जेवायची थांबली व्हती, पाठ तशीच आमच्याकडं.

"अन् मागायला मी आले व्हते का, नागुबाई? पाटलानं माझ्याकडं बोट केलं. मी एक शबुद तरी बोलले का? माझ्या नावानं मागितलं, अन् नेलं कुणी? मला दोन वाटण्या, त्यांना बारा. ज्याची जनावरं जास्त त्याला जास्त. ही कुठली गं गरज बघून वाटणी? हे तू केलंस तरी कसं?"

जनावरामागं एक, कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. मनताना किती बराबर वाटलं व्हतं. ज्याच्या दावणीला बारा त्याच्या दावणीला बारा वाटण्या, ज्याच्या दोन त्याला दोन, अन् ज्याच्या घरी शेळीबी न्हाई त्या सरजाबाईला, त्या आमच्या अख्ख्या वस्तीला काहीच न्हाई. ज्या बायांनी रात जागून कापलं त्यांना रोजाच्या पलीकडं काडी न्हाई. माझ्या पंचशीलाला न्हाई. तिनं त्याच सांजंला इचारलं व्हतं अन् मी तिला गप बसवलं. हर्रास केली असती तरी पाटलाला ह्याहून जास्त गेलं नसतं, अन् भाव तरी पुरा मिळाला असता.

सिंधुनं एक भाकर फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. मी नको मनलं न्हाई. परत येताना पाटलाच्या गोठ्यावरनं वाट. बारा जनावरं रवंथ करत व्हती, अंगावर थोडी तकाकी आलेली. गोठ्याच्या तोंडाला सोडून टाकलेल्या आळ्यांचा ढीग पडला व्हता, सगळे डाव्या पिळाचे. मला रडूच फुटलं. पाटलाचा राग न्हाई आला तेवढा माझा आला. त्यांनी मागितलं, मागणारच. वाटलं मी.

कडवळ कापलं की बुडखा फुटतो, गाळात वल असंल तर. मी अन् पंचशीला पुन्हा घागरी वाहायला लागलो. दोघींचे हात खडीनं सोललेले. मेच्या शेवटाला फुटवा कापणीला आला. पहिल्याएवढा न्हाई, पण दाट. पाऊस अजून कुठंच नव्हता.

कापायच्या दिवशी गाव न बोलावता भिंतीवर जमा झालं. पाटील पुढं, नरसिंग जनावरं मोजायला तयार. महादेवप्पाचा ट्रक ह्या टायमाला आधीच खाली येऊन उभा व्हता. मीच सांगावा धाडला व्हता.

पाटलानं ट्रक बघितला. "हे काय, नागुबाई? मागल्या बारीला ठरलंय की. जनावरामागं एक वाटणी."

आदली रात मी हे बोलणं पन्नासदा घोकलं व्हतं. पंचशीला शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात वहीचं पान व्हतं.

"मागल्या बारीला मी गल्लत केली," मी मनलं. "ह्या टायमाला चुलीमागं एक वाटणी. गावातली, आमच्या वस्तीतली, समदी. जिच्या घरी चूल पेटती तिला एक. मागच्याच भावानं, अन् ज्याला तोबी जमत न्हाई त्यानं कापायला हात लावावा. मग कुणी ते बैलाला घाला, कुणी ह्या ट्रकात घाला. मी इचारणार न्हाई, अन् दुसऱ्या कुणी इचारलेलं मला चालणार न्हाई."

मागं कुजबूज झाली. सरजाबाई हळूच पुढं सरकली. सिंधु व्हती तिथंच व्हती, पण तिचा पदर तोंडावरनं खाली आला व्हता.

"अन् माझी बारा जनावरं?" पाटील मनले. "बारा जिवांना एक वाटणी? हा तुझा इन्साफ?"

"पाटील, तुमच्या घरात चुली किती?"

गावाला ठाऊक व्हतं. चाळीस एकर, बारा जनावरं, अन् चूल एक.

मग मातर ते चिडले. पहिल्यांदाच बघितलं मी. "नागे, पुढच्या साली गाळपेर कशी वाटायची ते मी बघतो. लातूर काही लांब न्हाई."

मला भ्या वाटलं न्हाई असं मी मनणार न्हाई. लई वाटलं. ते लातूरला जाऊ शकतात, मी जाईन तर एक रोज बुडतो. पण लोक हलले न्हाईत. अण्णाराव भिंतीवरनं खाली उतरला अन् त्यानं इळा उचलला, त्याच्या मागं आणखी दोघं.

मी पंचशीलाला मनलं, "वाच गं नावं."

तिनं पान उघडलं. नांदेडची जागा दुसऱ्या कुणा पोरीला गेली व्हती, पुढची भरती वर्सानं. तिच्या बोटाची जखम अजून भरली नव्हती, पान धरताना ते बोट तिनं बाजूला ठेवलं व्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं अन् इचारलं, "माय, पहिली चूल कुणाची लिहिली हाय ठाऊक हाय का?"

"कुणाची?"

"आपली," ती मनली, अन् मोठ्यानं माझं नाव वाचलं.